ज्योत घरात, इंधन कुठे?

काचेची हिरवी बांगडी हातात घेऊन तिच्या कडेवरून नख फिरवले, तर एका जागी ते हलकेच अडखळते. तो सांधा. बांगडी मुळात वर्तुळ नसतेच. भट्टीतून ओढलेला काचेचा दोरा फिरत्या दांड्यावर गुंडाळला जातो, त्याची लांबच लांब वेटोळी स्प्रिंग तयार होते, ती उभी कापली की एकेक उघडे कडे सुटे होते. त्या कड्याची दोन टोके एका पातळीत आणायची आणि ज्योतीवर वितळवून चिकटवायची, हे काम उरते. ते कारखान्यात होत नाही. फिरोजाबादच्या गल्ल्यांमधल्या घरांत, एका खोलीत, जमिनीवर बसून होते. आपल्याकडे लग्नात भरला जाणारा हिरवा चुडा बहुतांशी तिकडून येतो, म्हणजे त्यातली प्रत्येक बांगडी एकदा कुणाच्या तरी घरातल्या ज्योतीवरून गेलेली असते.

काचेच्या इतिहासात भट्ट्यांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. रंगांबद्दल, घाटांबद्दल, व्हेनिसच्या गुपितांबद्दलही. ज्योतीबद्दल थोडे लिहिले आहे. त्या ज्योतीमागचे इंधन कुठे ठेवत, किती ठेवत, आणि ते पेटले तर कुणाचे घर जळे, हा प्रश्न मात्र तळटिपांतच राहिला. ज्यांनी काच घरात वितळवली, त्यांच्या दृष्टीने पहिला प्रश्न तोच होता.

सुरुवात व्हेनिसपासून करावी लागते, कारण या विषयातला सर्वांत प्रसिद्ध हुकूम तिथला आहे. १२९१ साली व्हेनिसच्या महापरिषदेने शहरातल्या काचभट्ट्या पाडून टाकण्याचा निर्णय घेतला आणि काचकारांना खाडीपलीकडच्या मुरानो बेटावर जावे लागले. (मुरानोत त्याआधीही भट्ट्या होत्या. बेट रिकामे होते आणि एका रात्रीत वसले, असे नाही.) या हुकमामागे काचेची रहस्ये बेटावर कोंडून ठेवण्याचा डाव होता, असे पर्यटकांना आवर्जून सांगितले जाते. तो हेतू पुढे साधला गेला, हे खरे. पण लाकडी घरांच्या दाटीत दिवसरात्र धगधगणारी भट्टी आणि तिच्याशेजारी रचलेले सरपण हे कोणत्याही शहराच्या झोपेवरचे ओझे होते, हे कारण आधीचे आणि सरळ आहे.

मला या हुकमापेक्षा त्याची दुरुस्ती जास्त महत्त्वाची वाटते. वर्षभरातच, १२९२ मध्ये, परिषदेने सवलत दिली: खोटी रत्ने, मणी असल्या बारीक वस्तू करणाऱ्यांच्या लहान भट्ट्या शहरात राहू शकतील, मात्र शेजारच्या घरांपासून ठरावीक पावलांचे अंतर हवे. मोठ्या आगीला बेट मिळाले आणि लहान आगीला अंतर मिळाले. घरगुती काचकामाचा कायदा इथे जन्मला असे मी मानतो. त्यातली अडचणही तेव्हाच जन्मली, कारण पावले मोजायची ती आगीपासून की इंधनापासून, हे परिषदेला वेगळे करून सांगावेसे वाटले नाही.

त्या काळात ते वेगळे करता येण्याजोगेही नव्हते. काच वितळवायला लागणारी धग ओल्या लाकडातून मिळत नाही. लाकूड खडखडीत वाळलेले हवे, आणि ते वाळवायला भट्टीच्या उबेइतकी चांगली जागा दुसरी नव्हती. म्हणून युरोपातल्या जुन्या काचशाळांमध्ये उद्याचे सरपण आजच्या भट्टीच्या अंगावरच वाळत पडलेले असे. आपल्या गावाकडच्या चुलीच्या मागे पावसाळ्यात गोवऱ्या आणि चिपाडे उबेला लावून ठेवत, त्यातलाच प्रकार, फक्त शंभरपट मोठा. इंधन चांगले व्हावे म्हणून ते आगीजवळ हवे आणि घर शाबूत राहावे म्हणून लांब हवे. लाकूड गेले, तेल आले, वायू आला, पण ही ओढाताण संपली नाही.

*

दिव्यावरच्या काचकामाची युक्ती आपल्या सोनाराला सांगायला नको. ज्योतीत बाजूने फुंकणीचा वारा सोडला की ती आडवी होते, टोकदार होते आणि कितीतरी तापते. सोनार तोंडाने फुंकतो. काचकाराला दोन्ही हात काचेसाठी हवेत आणि तोंडही पुष्कळदा काच फुगवण्यासाठी हवे, म्हणून त्याने भाता टेबलाखाली नेला आणि पायाने चालवला. योहान कुंकेल या जर्मन रसायनकाराच्या १६७९ च्या ग्रंथात असे टेबल चित्रासह आले आहे. पुढल्या शतकात दिदरोच्या विश्वकोशातल्या चित्रपट्टांमध्येही दिव्यावर काम करणारे मीनाकार दिसतात: एकाच टेबलाभोवती बसलेली माणसे, प्रत्येकासमोर एक दिवा, खाली भाता.

व्हेनिसमध्ये सतराव्या शतकात या लोकांचा वेगळा संघ झाला. त्यांना ‘सुपिआलुमे’ म्हणत, म्हणजे ‘दिव्यावर फुंकणारे’. मुरानोच्या भट्टीवाल्यांच्या मानाने ही मंडळी कनिष्ठ समजली जात. त्यांच्याजवळ भट्टी नव्हती. काचेच्या कांड्या मुरानोतून यायच्या आणि मणी शहरातल्या खोल्यांत व्हायचे. ज्या शहरातून आगीला हद्दपार केले होते, त्याच शहरात ती दिव्याच्या रूपाने माघारी आली आणि कुणी हरकत घेतली नाही.

याचे कारण इंधनात आहे. दिव्यात जळायचे ते चरबी किंवा वनस्पतीचे तेल. मोहरीच्या कुळातल्या रेपसीडचे तेल युरोपात दिव्यासाठी सर्रास वापरत. या तेलाचा बुधला जमिनीवर सांडला आणि त्यात जळती काडी पडली, तर काडी बहुधा विझते. तेलाची वाफ पेटण्याजोगी व्हायला ते तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापावे लागते. वातीच्या टोकाशी तेवढे तापलेले तेल थेंबभर असते, म्हणून वात जळते आणि भांडे जळत नाही. दिवाळीत आपण पणत्या लहान मुलांच्या हाती देतो, त्यामागचा विश्वास याच गुणावर उभा आहे. तेलाच्या काळात साठवणीचा प्रश्न जवळजवळ सुटलेला होता. दुसरे प्रश्न होते: काजळी, वास, मंद ज्योत आणि तेलाचा खर्च.

या परंपरेतले सर्वांत थोर काम तुलनेने अलीकडचे आहे. ड्रेस्डेनजवळच्या होस्टरविट्झ गावात लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी घरातल्या कार्यशाळेत बसून हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेची फुले केली. हे काम १८८७ पासून १९३६ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे चालले. बाप १८९५ मध्ये गेला आणि मुलाने ते एकट्याने पुढे नेले. त्या फुलांमधले परागकोश भिंगातून पाहावे लागतात. त्यांचे टेबल अमेरिकेतल्या कॉर्निंग येथील काचसंग्रहालयात आहे. साधे लाकडी टेबल, खाली भाता, आणि ज्योतीसाठी पॅराफिनचा दिवा, ज्याचे इंधन मेणाच्या जातीचे. भोवतालच्या जगात तोवर वायूच्या नळ्या पोचल्या होत्या. तरीही घरात ठेवायच्या इंधनाचा विचार केला, तर या दिव्याइतके शहाणे साधन मला दुसरे दिसत नाही. मेण सांडत नाही, त्याची वाफ खोलीत पसरत नाही आणि ते ज्योतीजवळ येते तेव्हाच पातळ होते. पन्नास वर्षे एका घरात ज्योत जळत राहिली, यात कसबाबरोबर या घट्ट मेणाचाही वाटा असावा.

*

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला खनिज तेल आले आणि दिव्याचे शास्त्र बदलले. आपल्या भाषेत या तेलाला दोन नावे पडली. रॉकेल हे ‘रॉक ऑईल’चे रूप आणि घासलेट हे ‘गॅसलाइट’चे, असे सांगितले जाते. दुसऱ्या नावात तेल आणि वायू यांची गल्लत झालेली आहे, आणि ती गल्लत मला अर्थपूर्ण वाटते, कारण रॉकेल तापले की ते अर्धे वायूसारखेच वागते.

सुरुवातीच्या काळात रॉकेलमध्ये हलके, पेट्रोलसारखे अंश राहिलेले असत, आणि दिवे फुटून घरे जळत. मग प्रश्न आला की कोणते तेल घरात ठेवण्याजोगे मानायचे. ब्रिटनमध्ये १८६२ च्या कायद्याने १०० अंश फॅरनहाइट ही सीमा घातली. तिच्याखाली ज्या तेलाची वाफ पेट घेईल, त्याच्या साठ्यावर बंधने. पण उघड्या भांड्यात तेल तापवून ज्योत दाखवण्याच्या त्या चाचणीत तपासणाऱ्याच्या हातागणिक उत्तर बदले. फ्रेडरिक एबल या युद्धखात्याच्या रसायनशास्त्रज्ञाने झाकणबंद भांड्याचे उपकरण केले आणि १८७९ च्या कायद्यात सीमा ७३ अंश फॅरनहाइट अशी आली. आकडा उतरला म्हणून नियम सैल झाला, असे नाही. बंद भांड्यात वाफ साठते आणि लवकर पेटते, म्हणून त्याच तेलाचा आकडा कमी येतो.

एबलचे उपकरण हिंदुस्थानातल्या पेट्रोलियमच्या कायद्यांतही आले. आपल्याकडे १९३४ चा पेट्रोलियम कायदा आहे. पुढच्या दुरुस्त्यांनंतर त्यात जे वर्ग पडले, त्यांतल्या ‘अ’ वर्गाची सीमा २३ अंश सेल्सिअस आहे. ७३ फॅरनहाइटचे सेल्सिअस करून पाहा, जवळजवळ तेवढेच येते. लंडनच्या हवेत ठरलेला आकडा शंभर वर्षांनी आपल्या कायद्यात बसला. रॉकेल त्या सीमेच्या वर, म्हणजे ‘ब’ वर्गात पडते, आणि त्याचा अडीच हजार लिटरपर्यंतचा साठा, कोणतेही एक भांडे हजार लिटरपेक्षा मोठे नसेल तर, परवान्याविना करता येतो. पेट्रोलच्या बाबतीत हाच कायदा तीस लिटरवर येऊन थांबतो.

इथे माझी एक तक्रार आहे. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचा भडकबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस हवा. इंग्लंडमधल्या खोलीत ३५ अंश तापमान क्वचितच होते, म्हणून तिथे रॉकेलचा डबा थंड डोक्याने बसून असतो. आपल्याकडे मे महिन्यात विदर्भातली किंवा उत्तर प्रदेशातली खोली दुपारी चाळिशी ओलांडते, आणि त्या खोलीत चार-सहा ज्योती जळत असतील तर आणखी वर जाते. अशा खोलीत कोपऱ्यातला डबा सीमेच्या पलीकडे गेलेला असतो. कायद्याच्या वर्गवारीत तो ‘ब’ असला, तरी हवामान त्याला ‘अ’ करून ठेवते.

रॉकेल सांभाळण्याची चांगली युक्ती आपल्याच भागात झाली होती. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एक पैसा मागून पैसा फंड उभारला. त्यातून टिळकांच्या पाठिंब्याने १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला, आणि ईश्वरदास वार्ष्णेय या परदेशात शिकून आलेल्या तंत्रज्ञाने तिथे मुलांना काच शिकवली. पुढे १९१६ साली ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि कराडजवळ त्याच्याभोवती ओगलेवाडी वसली. तिथला ‘प्रभाकर’ कंदील माझ्या पिढीतल्या अनेकांनी माळ्यावर पाहिला असेल. त्या कंदिलात साठा आणि ज्योत यांच्यात वीतभरही अंतर नाही. तरी तो हातात धरून लोक पावसातून गोठ्यात जात. टाकी पत्र्याची बंद, वर येणारी वाट वातीएवढीच, ज्योतीभोवती काच, आणि आडवा पडला तरी तेल एकदम बाहेर येणार नाही अशी घडण. अंतर ठेवणे जिथे शक्य नसते, तिथे वाट अरुंद करावी लागते. ओगल्यांच्या कंदिलाला हे जमले होते.

*

तेलावरून वायूवर जाणे म्हणजे साठा घराबाहेर जाणे. हा बदल काचकामात सर्वांत स्पष्ट दिसतो तो जर्मनीतल्या थुरिंगियाच्या जंगलात, लाउशा गावी.

लाउशा वसले तेच काचेसाठी. १५९७ साली हान्स ग्राइनर आणि क्रिस्टोफ म्युलर यांनी तिथे काचशाळा काढली, कारण दरीत वाळू आणि लाकूड होते. शेतीला जमीन नव्हतीच. पुढे काचशाळेत कांड्या आणि नळ्या होत, आणि गावकरी त्या घरी नेऊन दिव्यावर मणी, खेळणी, बाहुल्यांचे डोळे करीत. लुडविग म्युलर-उरी याने १८३५ पासून माणसांसाठी कृत्रिम डोळे करायला घेतले. पण तेलाच्या दिव्यावर आणि पायातल्या भात्यावर मोठा, पातळ, एकसारखा गोळा फुगवणे फार कठीण. ज्योत लहान, आणि पायाच्या लयीप्रमाणे थरथरणारी.

१८६७ साली लाउशात गॅसघर झाले. दगडी कोळसा बंद भांड्यात तापवून निघालेला वायू नळाने घरोघर आला. नेमक्या याच दशकात मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. मुंबईसारख्या बंदराला वायू मिळाला यात नवल नाही. जंगलातल्या एका गावाने तो आणावा, याचे कारण गावातल्या प्रत्येक घराला ज्योत हवी होती. तोटी फिरवून लहानमोठी करता येणारी स्थिर ज्योत मिळाली आणि ख्रिसमसच्या झाडावर टांगायचे पातळ, मोठे काचगोळे शक्य झाले. बाप ज्योतीवर गोळा फुगवी, आई आतून चांदीचे द्रावण फिरवी (लीबिगने शोधलेल्या आरशाच्या कृतीने), मुले रंग देऊन टोपणे बसवीत, आणि बायका पाठीवरच्या मोठ्या टोपल्यांतून तो माल झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे पोचवीत. १८८० च्या सुमारास अमेरिकेतला दुकानदार फ्रँक वूलवर्थ हे गोळे घेऊ लागला आणि लाउशाचे घरकाम अमेरिकेच्या दिवाणखान्यात लटकले.

घरातून तेलाचे डबे गेले. साठा आता गावाच्या एका टोकाला, मोठ्या लोखंडी टाकीत. ही टाकी म्हणजे पाण्यात उपडे घातलेले पिंप. खालून वायू भरला की पिंप वर उचलले जाते, वापरला की खाली बसते, आणि पाणी झाकणाचे काम करते. लंडनमध्ये अशा टाक्या प्रथम उभ्या राहिल्या तेव्हा लोक हादरले होते. वेस्टमिन्स्टरच्या गॅसघरात स्फोट झाल्यावर रॉयल सोसायटीने सर जोसेफ बँक्स यांच्या पुढाकाराने समिती नेमली आणि १८१४ मध्ये शिफारस केली की टाकी सहा हजार घनफुटांहून मोठी असू नये. गॅस कंपनीचा अभियंता सॅम्युएल क्लेग याने समितीसमोरच टाकीला भोक पाडून बाहेर येणाऱ्या वायूला मेणबत्ती लावली, अशी आख्यायिका आहे. वायू शांतपणे जळत राहिला. क्लेगला जे दाखवायचे होते ते खरेच होते: आत हवा नसेल तर टाकी फुटत नाही. धोका वायू आणि हवा यांच्या मिश्रणात असतो, आणि ते मिश्रण टाकीपेक्षा बंद खोलीत लवकर होते.

म्हणून लाउशाच्या घरांतला धोका गेला नाही, त्याचे रूप बदलले. कोळशाच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. रात्री तोटी नीट बंद झाली नाही, तर घर जळण्याआधी घरातली माणसे झोपेतच जात. एक गोष्ट मात्र त्या वायूच्या बाजूची होती. त्याला मुळातच उग्र वास होता आणि तो हवेपेक्षा हलका होता. छताशी फट असली तर तो निघून जाई.

*

विसाव्या शतकात नळ जिथे पोचत नाही तिथेही वायू पोचवण्याची सोय झाली, ती सिलिंडरने. प्रोपेन आणि ब्यूटेन दाबाखाली द्रव होतात. बाटलीभर द्रवातून सुमारे अडीचशे बाटल्या वायू निघतो. आपल्याकडे १९५० च्या दशकाच्या मध्याला मुंबईत बर्मा-शेलने असे सिलिंडर घरांना द्यायला सुरुवात केली. स्वयंपाकघराची काजळी गेली, आणि सहाशे वर्षे अंतराच्या, बुधल्यांच्या, नळांच्या मार्गाने घराबाहेर चाललेला साठा पुन्हा घरात येऊन बसला.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो. तो सगळा बाहेर पडला तर साधारण साडेसहा घनमीटर होतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. म्हणजे दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा दहा-बारा खोल्या पेटण्याजोग्या करण्याइतके इंधन ओट्याखालच्या त्या लाल नळकांड्यात असते. हा वायू हवेच्या दीडपट जड. तो वर जात नाही, पाण्यासारखा सखल जागा शोधतो. तळघर, मोरी, पायऱ्यांखालचा कोपरा. वरची खिडकी उघडून तो जात नाही.

त्याला स्वतःचा वासही नसतो. नैसर्गिक वायूलाही नसतो. हे जगाला फार महागात कळले. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत जमिनीखालच्या पोकळीत साठलेला वायू एका यंत्राच्या ठिणगीने पेटला आणि तीनशेच्या आसपास माणसे गेली, त्यांत बहुतेक मुले. त्यानंतर वायूत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याची सक्ती आली. आपल्या स्वयंपाकघरात कुजक्या कोबीसारखा जो वास येतो, तो त्या मुलांनंतरचा आहे.

याच सिलिंडरने घरगुती काचकामाला नवे आयुष्य दिले. १९६२ च्या मार्चमध्ये अमेरिकेत टोलेडो येथील कलासंग्रहालयाच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये हार्वे लिटलटन हा कुंभारकामाचा प्राध्यापक आणि डॉमिनिक लबिनो हा काचतंत्रज्ञ यांनी लहान भट्टीवर एकट्या कलावंताला काच फुगवता येते, हे दाखवले. तिथून ‘स्टुडिओ ग्लास’ची चळवळ निघाली आणि दिव्यावरचे कामही कारागिराच्या कोपऱ्यातून कलावंताच्या घरात आले. त्यात बोरोसिलिकेट काच आली. ती तापायला साध्या ज्योतीत ऑक्सिजन सोडावा लागतो. मग प्रोपेनच्या शेजारी दुसरे सिलिंडर उभे राहिले.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात. खोलीतले त्याचे प्रमाण एकवीस टक्क्यांवरून थोडेसेही चढले, तर सुती सदरा कापरासारखा पेटतो. दाबाखालच्या ऑक्सिजनच्या चकत्यांना तेलाचा हात लागला, तर ठिणगीचीही वाट पाहावी लागत नाही. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे साठवणीतला ऑक्सिजन आणि जळाऊ वायू यांत वीस फूट अंतर हवे, नाहीतर मध्ये पाच फूट उंचीची, अर्धा तास आग सोसणारी भिंत हवी. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला १२९२ ची ती पावले आठवली.

*

पुण्यात माझ्या ओळखीची एक मुलगी काचेचे मणी करते. तळमजल्यावरचे दोन खोल्यांचे घर, त्यातल्या पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर बर्नर, आणि टेबलाखाली सिलिंडर, कारण रबरी नळी तेवढीच लांब होती. एका संध्याकाळी मी बसलो असताना तिचा दोन वर्षांचा मुलगा जमिनीवर खेळता खेळता नाक मुरडून “घाण, घाण” म्हणू लागला. आम्ही दोघे खुर्च्यांवर होतो, आम्हाला काहीच नव्हते. ती वाकली, आणि तिचा चेहरा बदलला. “काका, दिव्याला हात लावू नका, बटणालाही नको,” एवढे म्हणून तिने मुलाला उचलले, सिलिंडरची चावी फिरवली आणि दार उघडून आम्हाला अंगणात काढले. नळी बर्नरशी ढिली झाली होती. खिडकी सताड उघडी होती. पण ती कमरेच्या वर होती, आणि वायू गुडघ्याच्या खाली.

पुढल्या आठवड्यात तिने सिलिंडर अंगणात, सावलीत, जाळीच्या कपाटात उभा केला आणि भिंतीतून तांब्याची नळी आत आणली. कपाटाला वर आणि जमिनीलगत दोन्हीकडे भोके ठेवली. काम संपले की बर्नर विझवण्याआधी बाहेरची चावी बंद करायची आणि नळीतला उरलेला वायू जळू द्यायचा, असा तिचा शिरस्ता झाला. सोसायटीतल्या मंडळींची त्यानंतर तक्रार आली, कारण आता सिलिंडर सर्वांना दिसू लागला. तो टेबलाखाली होता तेव्हा कुणाची हरकत नव्हती. बऱ्याच चर्चेनंतर त्यांनी तो राहू दिला.

तिच्याकडे अंगण होते. फिरोजाबादच्या जुडाईवाल्यांकडे ते नसते.

३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या संगमरवराला आम्लधुरापासून वाचवण्यासाठी प्रसिद्ध निर्णय दिला. ताजभोवतीच्या १०,४०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात कोळसा आणि कोक यांवर चालणाऱ्या उद्योगांनी नैसर्गिक वायूवर जावे, नाहीतर हलावे. फिरोजाबाद त्या क्षेत्रात येते. तिथल्या भट्ट्यांना वायूची वाहिनी मिळाली, कोळशाचे ढिगारे आवारांतून गेले. निर्णय योग्य होता, आणि जिथे पोचला तिथे त्याने इंधनाचा साठा कामगाराच्या अंगावरून उचलून दूर नेला, जसा लाउशात गेला होता.

पण बांगडीचे काम भट्टीपाशी संपत नाही. उघडी कडी दोरीत ओवून, तोड्याच्या हिशेबाने, गल्ल्यांतल्या घरांत जातात. तिथे वर्षानुवर्षे बायका आणि मुले रॉकेलच्या ज्योतीवर ती जोडत आली. न्यायालयासमोर धुराडी होती, आणि या घरांना धुराडे नाही. वाऱ्याने ज्योत हलली की सांधा वाकडा होतो, आणि वाकड्या सांध्याचे पैसे कापले जातात. म्हणून पंखा बंद असतो आणि खिडकीवर कापड असते. रेशनचे निळे रॉकेल मिळे तेव्हा ते एकदम भरून ठेवावे लागे, आणि भरून ठेवायला तीच खोली.

व्हेनिसच्या परिषदेने लहान आगीला सवलत दिली ती अंतराच्या अटीवर. लाउशाच्या गावाने नळ आणला तो घरोघर. फिरोजाबादेत वाहिनी कारखान्याच्या फाटकापर्यंत आली. फाटकातून बाहेर पडणाऱ्या उघड्या कड्यांबरोबर ती पुढे गेली नाही. मजुरी नगावर ठरते, आणि घरी काम करणाऱ्याचे इंधन, जागा आणि आगीची भीती त्या मजुरीत धरलेली नसतात. ठेकेदाराच्या वहीत तोडे किती नेले, किती आणले आणि किती फुटले, हे लिहिलेले असते. मे महिन्याच्या दुपारी त्या खोलीत रॉकेलचा डबा कोणत्या भिंतीला टेकून उभा आहे, यासाठी त्या वहीत रकाना नाही.